म्हशीची गाय

२०११चा पावसाळा. पुण्यातली नोकरी सोडून मी गारगोटीला घरी येऊन बसलो होतो. वेदगंगेला पाणी चढलं होतं आणि माझ्या हाताला काम नव्हतं. जवळच्याच एका गावातल्या दूध संस्थेला बिलाचं सॉफ्टवेअर हवं होतं, ते मी लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायला येत, मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवी, आकडे कॉम्प्युटरात जात आणि दर दहा दिवसांनी सभासदाच्या हातात बिलाची पट्टी पडे. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मला वाटलं, जमलं आपल्याला.

अशाच एका बिलाच्या दिवशी सत्तरीच्या एक काकी काउंटरवर आल्या. सभासद नंबर ८७. पदराच्या गाठीतून पट्टी सोडून त्यांनी माझ्यासमोर धरली.

"काय रं पोरा, तुझ्या मशिनीनं माझ्या म्हशीची गाय केली व्हय?"

रांगेतली माणसं हसली. मीही हसलो. सेक्रेटरी म्हणाले, "काकी, फॅट कमी लागली आसंल. ओली वैरण हाय सध्या."

"फॅट कमी लागली ती मला बी म्हाईत हाय. पर दर बघ की. ह्यो दर म्हशीचा न्हवं. माझ्या दावणीला गायच न्हाई."

भिंतीवर दोन दरपत्रकं चिकटवलेली होती, एक म्हशीचं, एक गाईचं. काकींना वाचता येत नव्हतं, पण दर पाठ होते. मी पट्टी घेतली, भिंतीकडे बघितलं आणि हसणं बंद झालं. दहातल्या सहा दिवसांचं दूध गाईच्या दराने धरलेलं होतं. फरक २७० रुपयांचा. त्या रात्री बसून तपासलं तर असे आणखी दहा सभासद निघाले. त्यांच्यापैकी कुणीच तक्रार केली नव्हती. कॉम्प्युटरने काढलेलं बिल म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांनी धरलं होतं.

चूक कुठे झाली हे सांगायचं तर आधी 'टाइप' म्हणजे काय ते सांगायला हवं. तुमच्यातले जे प्रोग्रॅमिंग करतात त्यांनी हा परिच्छेद अंगठ्याने वर सरकवला तरी चालेल. तलाठ्याकडचा सात-बाऱ्याचा कोरा नमुना डोळ्यांसमोर आणा. त्यात कुठले रकाने आहेत, कुठल्या रकान्यात आकडा आणि कुठल्यात नाव, हे आधीच ठरलेलं असतं. तो कोरा नमुना म्हणजे टाइप. तुमच्या शेताचा भरलेला उतारा म्हणजे ऑब्जेक्ट. महाराष्ट्रातल्या महसुली दप्तरात असे एक ते एकवीस गाव नमुने आहेत. सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांच्या नोंदीचा. दोन्ही एका कागदावर छापले जातात म्हणून सात-बारा. सहावा फेरफाराचा, आठ-अ खात्याचा. नाव म्हणून नुसता आकडा आहे, पण आहे. कुणीही कचेरीत जाऊन "आठ-अ द्या" म्हटलं की कुठला कागद ते समोरच्याला कळतं.

आता समजा, तलाठ्याने घाईत एका कोऱ्या कागदावर हाताने चार रेघा ओढल्या, चार रकाने केले आणि माहिती भरली. नमुन्याला नंबर नाही, मथळा नाही. रकाने आहेत, माहितीही बरोबर आहे. त्याच्या टेबलावर तो कागद उत्तम काम देईल. पण तो दुसऱ्या टेबलावर गेला की तिथला माणूस विचारणार, हा कशाचा कागद? याला प्रोग्रॅमिंगमध्ये अनॉनिमस टाइप म्हणतात. निनावी नमुना.

माझी दूध-पावती असा निनावी नमुना होती. त्यात सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ एवढेच रकाने. म्हशीच्या दुधाची यादी वेगळी काढली, गाईच्या दुधाची वेगळी. दोन्हींचे रकाने तेच, त्याच क्रमाने. दूध कुठल्या जनावराचं, हे पावतीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त मी यादीला जे नाव दिलं होतं त्यात होतं. पुढे सेक्रेटरींना सभासद नंबरांच्या क्रमाने एकच एकत्र यादी हवी झाली. मी दोन्ही याद्या एकीला एक जोडल्या. कंपायलर काही बोलला नाही. त्याच्या लेखी दोन्ही पावत्यांचा टाइप एकच होता. आणि मग बिलाच्या वेळी म्हैस कुठली आणि गाय कुठली हे ओळखायला मी एक युक्ती केली. शासनाच्या हिशेबात म्हशीच्या दुधाचं प्रमाण ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईचं ३.५ आणि ८.५. मी मधली रेघ ओढली. साडेपाचच्या वर फॅट ती म्हैस, खाली ती गाय.

उन्हाळ्याच्या अखेरीस लिहिलेला कोड. तेव्हा सगळ्या म्हशी साडेसहा-सातच्या घरात होत्या. पाऊस पडला, ओली वैरण सुरू झाली, फॅट उतरली आणि काकींची म्हैस ५.३ वर आली. झाली गाय.

एखाद्या वस्तूची ओळख तिच्या नावावरून ठरवायची की तिच्या रकान्यांवरून, हा प्रश्न माझ्या जन्माच्या आधीपासून लोकांना छळत आला आहे. त्या रात्रीनंतर मी त्याचा इतिहास शोधायला लागलो. बराचसा अपराधी वाटण्यापोटी.

सुरुवात साठच्या दशकात होते. तोवर कॉम्प्युटरच्या भाषांना मुख्यतः आकडे आणि आकड्यांच्या रांगा कळत. माणूस, गाडी, खातं अशी एकत्र माहिती ठेवायची सोय अनेक भाषांत नव्हती. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या टोनी होअर यांनी 'रेकॉर्ड'ची कल्पना मांडली. सारख्या रकान्यांच्या नोंदींचा एक वर्ग करायचा आणि त्या वर्गाला नाव द्यायचं. १९६६ साली फ्रान्समधल्या विलार-द-लान्स या गावातल्या उन्हाळी वर्गात त्यांनी यावर व्याख्यानं दिली. तिकडे ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड हे दोघे बंदरं, रांगा, कारखाने यांची नक्कल कॉम्प्युटरवर करता यावी म्हणून सिम्युला नावाची भाषा घडवत होते. होअर यांच्या कल्पनेला त्यांनी पुढे नेलं आणि सिम्युला ६७ मध्ये 'क्लास' हा शब्द आला. आज जावा शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या तासाला जो शब्द लिहितं तो तिथून आला. त्या क्लासला नाव असायचंच. निनावी क्लास ही कल्पनाच कुणाच्या मनात नव्हती, कारण नाव देणं हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. (डाल आणि न्यूगोर्ड यांना २००१चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि २००२च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.)

गोंधळ झाला तो पास्कलमध्ये. झुरिकच्या निकलाउस विर्थ यांनी १९७०च्या सुमारास केलेली ही भाषा शिकवायला फार सोपी. माझ्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांचा पहिला प्रोग्रॅम पास्कलमधला. तिच्यात तुम्ही टाइपला नाव देऊ शकत होता आणि न देताही चालत होतं. "दहा आकड्यांची रांग" असं वर्णन थेट व्हेरिएबलपुढे लिहिलं की झालं. आता समजा, एका ओळीत एका व्हेरिएबलपुढे "दहा आकड्यांची रांग" लिहिलं आणि खालच्या ओळीत दुसऱ्यापुढे पुन्हा तेच. या दोघांचा टाइप एक की वेगळा?

विर्थ यांच्या मूळ लेखनात याचं नीट उत्तर नव्हतं. एक कंपायलर म्हणे, रचना सारखी म्हणजे टाइप सारखा. दुसरा म्हणे, वेगळ्या ठिकाणी वर्णन केलंय म्हणजे वेगळा. एकाच प्रोग्रॅमला एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर नापास. १९७७ मध्ये वेल्श, स्नीरिंजर आणि पुन्हा तेच होअर या तिघांनी पास्कलमधल्या संदिग्धतेवर एक शोधनिबंध लिहिला आणि या दोन वृत्तींना नावं दिली: नावावरून समानता आणि रचनेवरून समानता. भांडण जुनं होतं, पण त्या दिवसापासून भांडणाच्या दोन्ही बाजूंना नाव मिळालं आणि भांडणं सोपं झालं. १९८३ मध्ये पास्कलचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं तेव्हा कौल बहुतांशी नावाच्या बाजूने लागला.

हा प्रश्न पुस्तकी वाटत असेल तर गारगोटीचाच एक माणूस घेऊ. म्हणजे जन्माने नव्हे, कामाने. आमच्या गावातलं मौनी विद्यापीठ ज्यांनी उभं केलं ते डॉ. जे. पी. नाईक. जयंत पांडुरंग नाईक. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, भारतीय शिक्षणाच्या इतिहासातलं मोठं नाव. पण आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ साली जे मूल जन्मलं त्याचं नाव विठ्ठल हरी घोटगे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. नावावरून समानता मानणारा कंपायलर सांगेल, हे दोन इसम आहेत. रचनेवरून मानणारा सांगेल, हाडामांसाचा माणूस तोच, तेव्हा एकच. आपण अर्थातच दुसऱ्याच्या बाजूने. पण मग त्याच न्यायाने सारखी उंची, सारखं वजन आणि सारखं शिक्षण असलेले दोन सख्खे भाऊ एकच ठरतील, आणि तिथे आपण पहिल्याकडे धाव घेणार. माणसांच्या बाबतीत आपण दोन्ही नियम खिशात ठेवतो आणि गरज पडेल तसा एक काढतो. कंपायलरला ती सवलत नाही. त्याला एक धरून चालावं लागतं.

(आणि विद्यापीठाला ज्यांचं नाव ते पाटगावचे मौनी महाराज. मौनी हे नाव की वर्णन? त्यांचं न बोलणं हीच त्यांची ओळख झाली. गारगोटीचं म्हणाल तर फोनवर नुसतं 'गारगोटी' शोधून बघा, सिन्नरचं दगडांचं संग्रहालय पुढे येईल. आमच्या तालुक्याचं नाव भुदरगड आणि ठाणं गारगोटी, त्यामुळे परगावच्या माणसाला पत्ता सांगताना आम्ही कायम दोन नावं सांगतो. नावांच्या भानगडी आम्हाला नव्या नाहीत.)

पास्कलमध्ये आणखी एक नियम होता आणि मला तो फार आवडतो. फंक्शनला एखादी गोष्ट द्यायची असेल तर तिथे टाइपचं नावच लिहावं लागे. वर्णन चालत नसे. म्हणजे निनावी रांग तुम्ही जिथे बनवली तिथे हवी तशी वापरा, पण उंबरठा ओलांडून दुसऱ्या फंक्शनमध्ये न्यायची तर आधी नाव ठेवा. आपल्याकडे बाळ जन्मलं की बारशापर्यंत घरात त्याला 'बाळ' म्हणूनच हाक मारतात. कुणाचं अडत नाही, घरात बाळ एकच असतं. पण शाळेत घालायला नेलं आणि नावाच्या रकान्यात 'बाळ' लिहिलं तर गुरुजी परत पाठवतील.

आता या गोष्टीत एक डॅनिश माणूस येतो. अँडर्स हेल्सबर्ग. १९८३ मध्ये बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल बाजारात आलं, त्याचा कंपायलर यांचा. फ्लॉपीवर मावणारा, स्वस्त आणि वेगवान. १९९६ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे सी शार्प ही भाषा त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. पहिल्या आवृत्त्यांमध्ये सी शार्प नावाच्या बाबतीत पास्कलइतकीच, खरंतर जास्तच, कडक होती. क्लासला नाव हवंच. आणि मग २००७च्या नोव्हेंबरात सी शार्प ३.० आली आणि तिच्यासोबत अनॉनिमस टाइप आले.

ते का आले हे समजून घ्यायला हवं, कारण मी त्यांना दोष देत सुटलो तर ते अन्यायाचं होईल. त्या आवृत्तीत लिंक नावाची सोय आली होती. लिंकने डेटाबेसला थेट भाषेतूनच प्रश्न विचारता येई: मला सगळ्या सभासदांचे फक्त नंबर आणि लिटर दे. आता 'फक्त नंबर आणि लिटर' या जोडीला नाव काय द्यायचं? पुढच्या ओळीला 'नंबर आणि फॅट' हवं असेल, त्यालाही वेगळं नाव? दर प्रश्नाला एक क्लास लिहायचा तर चार ओळींच्या कामाला चाळीस ओळींची फाइल. मी नावांच्या बाजूचा माणूस असूनही कबूल करतो, त्या जागी निनावी टाइपच योग्य आहे. न्यू लिहून महिरपी कंसात रकाने लिहिले की कंपायलर गुपचूप स्वतःच एक क्लास तयार करतो. गंमत म्हणजे त्याला तो नावही देतो! पण त्या नावाची सुरुवात कोनी कंसांनी होते आणि सी शार्पमध्ये तुम्हाला तसं नाव लिहायची परवानगीच नाही. नाव आहे, पण तुम्ही ते घेऊ शकत नाही. म्हणून अशा व्हेरिएबलपुढे टाइपच्या जागी 'व्हार' लिहावं लागतं. जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याला 'अहो' म्हणत तसं. घरात चालतं. एसटी स्टँडवर 'अहो' म्हणून हाक मारली की दहा पुरुष वळून बघतात.

जावाने हा प्रकार दहा वर्षं आधी, १९९७ मध्ये, वेगळ्या कारणासाठी केला होता. बटण दाबल्यावर काय करायचं एवढंच सांगायला निनावी क्लास. कंपायलर त्यांना बाहेरच्या क्लासच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह लावून एक, दोन, तीन असे नंबर देई. एरर आली की पडद्यावर "डॉलर सात" दिसे आणि तो सातवा कोण हे शोधण्यात दुपार जाई. ते एवढ्यावरच सोडतो, जावावाल्यांना त्यांची दुःखं माहीत आहेत.

सी शार्पच्या निनावी टाइपचे नियम बारकाईने बघितले तर त्यात हेल्सबर्ग यांचा जुना पास्कल दिसतो. एकाच प्रोजेक्टमध्ये रकान्यांची नावं, त्यांचे टाइप आणि क्रम सारखा असेल तर दोन निनावी टाइप एकच मानले जातात. म्हणजे नावाच्या भाषेत रचनेच्या नियमाला मागच्या दाराने प्रवेश. क्रम बदलला की मात्र वेगळा टाइप. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरवला. एक रकाना वाढला आणि जुना फॉर्म जुना झाला. काही तसंच. आणि दुसरा नियम: निनावी टाइप ज्या मेथडमध्ये जन्मला तिच्याबाहेर त्याला त्याच्या खऱ्या ओळखीने जाता येत नाही. बाहेर पाठवायला टाइपचं नाव लिहावं लागतं आणि नाव तर घेता येत नाही. तोच पास्कलचा उंबरठा.

तो उंबरठा मला वेळीच अडवणार होता. माझी बिलाची मेथड साडेतीनशे ओळींची झाली होती, कारण पावत्या बाहेर पाठवता येत नव्हत्या. तिथेच थांबून पावतीला नाव द्यायला हवं होतं. पण २०१० मध्ये सी शार्प ४.० आली होती आणि तिच्यात 'डायनॅमिक' नावाची पळवाट होती. डायनॅमिक लिहिलं की कंपायलर डोळे मिटतो. समोर काय आलंय हे विचारत नाही, रकाना आहे की नाही हे प्रोग्रॅम चालताना बघू म्हणतो. मी मेथडचे तुकडे केले आणि सगळीकडे डायनॅमिक लिहिलं. दर काढणाऱ्या फंक्शनला फॅट आणि एसएनएफ असलेली कुठलीही गोष्ट चाले. म्हशीची पावती, गाईची पावती, उद्या शेळीची आली तरी.

चूक माझी, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. भाषेने तीनदा दार लावलं आणि मी तीनदा खिडकीतून गेलो.

रकाने सारखे आणि अर्थ वेगळा, याचं जगातलं सगळ्यांत महाग उदाहरण बहुधा मंगळावर जळालं. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळाशी पोहोचताना हरवलं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम धक्क्याचा आकडा पाउंड-फोर्स सेकंदांत देत होता आणि तो घेणारा दुसरा प्रोग्रॅम न्यूटन सेकंद समजत होता. दोन्हीकडे तो फक्त एक आकडा होता. तिथे बिचारं यान गेलं. आमच्याकडे दोनशे सत्तर रुपये. पण काकींच्या घरात ते दहा दिवसांचं किराणा-तेल होतं, त्यामुळे मला दोन्हींमध्ये फार लहान-मोठं करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "साहेब, आधी वहीत म्हशीचं पान वेगळं आणि गाईचं वेगळं असायचं." खरं होतं. माझ्याआधी जे काम वहीत चालायचं त्यात प्रत्येक पानाला मथळा होता. मी तो काढून टाकून त्याला आधुनिक केलं होतं. अकरा जणांचा फरक पुढच्या बिलात जमा झाला. मी दोन क्लास लिहिले, म्हैसपावती आणि गायपावती. दोन्हींचे रकाने अगदी सारखे. दोन दरतक्ते, त्यांनाही वेगळी नावं. म्हैसपावती फक्त म्हशीच्या तक्त्याकडे जाऊ शकेल अशी फंक्शनं. मग मुद्दाम चुकीची जोडी लावून बघितली. कंपायलरने तांबडी रेघ ओढली. ती रेघ बघून जितका आनंद झाला तितका क्वचितच कुठल्या चालणाऱ्या प्रोग्रॅमने दिला असेल.

काकींकडे मी स्वतः गेलो, पट्टी द्यायला आणि माफी मागायला. परड्यात ती म्हैस बांधलेली होती. काकींनी चहा केला. पट्टी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ह्यावर कुणाचं नाव हाय?"

"काकी, सभासदाचं." नाव त्यांच्या मालकांचं होतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. वैरण काढणं, धार काढणं, दूध घालणं सगळं काकींचं. खातं मालकांच्या नावावर आणि दप्तरात त्या म्हणजे नंबर ८७.

"आनि शेताच्या उताऱ्यावर?"

उतारा त्यांनी ट्रंकेतून काढून दाखवला. पोरांची नावं मुख्य रकान्यात होती. काकींचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात. ज्यांनी सात-बारा नीट बघितला नसेल त्यांना सांगतो, इतर हक्क हा त्या कागदावरचा डायनॅमिक आहे. सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीचा हिस्सा, ज्याला दुसरीकडे जागा नाही ते सगळं तिथे. आणि कित्येक विधवांची, लेकींची नावंही तिथेच. नाव लिहिलेलं असतं, पण कशाच्या नात्याने ते धड ठरलेलं नसतं. शेतकरी संघटनेने १९९०च्या आसपास लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन चालवून शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावे करायला लावली, तेव्हा भांडण हेच होतं, नाव कुठल्या रकान्यात.

तलाठ्याकडे काय करायचं ते माझ्या हातात नव्हतं. संस्थेच्या खात्याचं मात्र सेक्रेटरींशी बोललो. वारसाचा अर्ज, दाखला, पोरांच्या सह्या, पुढच्या सभेत ठराव. तीन महिने लागले. कोडमध्ये नाव बदलायला मला तीन सेकंद लागतात.

पुढचं थोडक्यात. २०१२ मध्ये हेल्सबर्ग यांनी टाइपस्क्रिप्ट आणली आणि या वेळी उघडपणे रचनेची बाजू घेतली. तिथे म्हैसपावती आणि गायपावती अशी दोन नावं ठेवली तरी रकाने सारखे असले की भाषा दोन्हींना एकच समजते. म्हणजे तिथे माझा उपाय चाललाच नसता, पावतीत जनावराचा रकानाच घालावा लागला असता. (तो मी नंतर सी शार्पमध्येही घातला. एकदा पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो.) दुसऱ्या बाजूला नाव देणं स्वस्त करायचा प्रयत्न झाला. २०२०च्या नोव्हेंबरात सी शार्प ९ मध्ये आणि २०२१च्या मार्चमध्ये जावा १६ मध्ये 'रेकॉर्ड' आले. एका ओळीत नाव आणि रकाने लिहिले की पूर्ण टाइप तयार. होअर यांचा १९६५चा शब्द पंचावन्न वर्षांनी परत आला. २००७ साली हे असतं तर मी आळस केला नसता, असं मी स्वतःला सांगतो. तुम्ही विश्वास ठेवायची गरज नाही.

गेल्या दिवाळीत जुन्या हार्ड डिस्कवर तो २०११चा कोड सापडला. दुरुस्तीच्या आधीचा. आताच्या व्हिज्युअल स्टुडिओमध्ये उघडला. निनावी पावतीवर कर्सर नेला तर बाजूला पिवळा दिवा लागला: याचा क्लास करू का? मी हो म्हटलं. त्याने सगळे रकाने उचलून खाली एक क्लास लिहिला, त्याला तात्पुरतं 'न्यू-क्लास' असं नाव ठेवलं आणि कर्सर त्या नावावर लुकलुकत ठेवला. सी शार्पमध्ये देवनागरी नाव चालतं. मी 'न्यू-क्लास' खोडलं आणि 'म्हैसपावती' असं टाइप केलं. खाली सत्तेचाळीस ठिकाणी तांबड्या रेघा उमटल्या. एकेक करून तपासत बसलो. त्यातली एकोणिसावी साडेपाच फॅटच्या ओळीवर होती.